मगरदेवाच्या पुजारिणीचा दाखला

रोमन साम्राज्य आणि सुरुवातीचा ख्रिस्ती धर्म यांवर वाद सुरू झाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, रोमनांनी तीनशे वर्षं ख्रिस्ती लोकांना सिंहांपुढे टाकलं. दुसरा म्हणतो, रोमन मुळात सहिष्णू होते, छळाच्या गोष्टी चर्चने नंतर रचल्या. गंमत म्हणजे दोघंही एक गोष्ट गृहीत धरतात: तिथे ‘पेगन’ नावाचा एक धर्म होता आणि त्याची ख्रिस्ती धर्माशी लढाई चालू होती.

असा धर्म नव्हताच. ‘पागानुस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ खेडवळ किंवा साधा, बिगरलष्करी माणूस. चौथ्या शतकात ख्रिस्ती लोकांनी तो इतर सगळ्यांना चिकटवला. ज्युपिटर, इसिस, मिथ्रास यांचे भक्त स्वतःला एका धर्माचे मानत नव्हते. देवांची पूजा ही गावाची जबाबदारी होती. देव राजी तर शहर सुखरूप. मनात काय आहे हे सहसा कुणी विचारत नसे, विधी पार पडला की झालं. म्हणूनच विधी नाकारणाऱ्या ख्रिस्ती लोकांना शेजारी ‘नास्तिक’ म्हणत.

आता साधारण इ.स. ११२ मधलं एक पत्र बघू. आजच्या उत्तर तुर्कस्तानातल्या प्रांताचा गव्हर्नर प्लिनी सम्राट त्राजनला विचारतो, या लोकांचं करायचं काय? तो आरोपींना तीनदा विचारायचा. तरी ‘ख्रिस्ती आहे’ म्हणणाऱ्याला मृत्युदंड. नाही म्हणणाऱ्याने सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि मद्य वाहिलं, ख्रिस्ताला शिव्याशाप दिले, की सुटका. माहिती काढायला त्याने दोन गुलाम स्त्रियांचा छळही केला. त्राजनचं उत्तर: त्यांना शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा द्या. सरसकट शिकारही नाही आणि सहिष्णुताही नाही. शेजाऱ्याशी भांडण झालं तर जीव जाऊ शकतो, अशी टांगती तलवार मात्र होती.

साम्राज्यभराचा हुकूम आला तो थेट २४९-२५० मध्ये, सम्राट डेसियसचा. देवांना बळी द्या आणि तसा दाखला घ्या. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर टिकून राहिले आहेत. मजकूर सरकारी फॉर्मसारखा ठरावीक: मी नेहमीच देवांची पूजा करत आलो, आत्ताही तुमच्यासमोर बळी दिला, प्रसाद चाखला, कृपया सही करावी. यातला एक दाखला मगरदेव पेटेसुखोसच्या पुजारिणीचा आहे! जिचं काम देवपूजा, तिलाही देव मानत असल्याचा पुरावा द्यावा लागला.

म्हणजे हुकूम सगळ्यांसाठी होता. पण झळ कुणाला बसली? पुजारिणीने काही न गमावता सही मिळवली. रोमचा बिशप फेबियन २५० च्या जानेवारीत मारला गेला. अनेक ख्रिस्ती लोकांनी घाबरून बळी दिला, काहींनी पैसे देऊन नुसताच दाखला मिळवला. अशांना परत घ्यायचं का, यावर चर्चमध्ये पुढे कडाक्याचं भांडण झालं. ‘नियम सगळ्यांना सारखाच होता’ हे वाक्य खरं असूनही अपुरं आहे, ते इथे कळतं.

पुढे फासे फिरले. ३१३ मध्ये ख्रिस्ती लोकांना उपासनेची मोकळीक मिळाली. ३८४ मध्ये सिम्माकस हा जुन्या परंपरेचा सिनेटर सम्राटाकडे अर्ज करत होता, की सिनेटमधली विजयदेवीची वेदी परत बसवू द्या. तो फेटाळला गेला. ३९२ मध्ये थिओडोसियसच्या कायद्याने घरातल्या कुलदेवतांपुढे दिवा लावणं आणि धूप जाळणंही गुन्हा ठरवलं. प्लिनीपुढे जो धूप जाळला की माणूस सुटत होता, तोच धूप २८० वर्षांनी घरात जाळला तर शिक्षा होत होती.