तबकडीतला आवाज आणि बैठकीतला आवाज

वाचकहो, जुन्या कागदाचे मोल खानदेशाला नव्याने सांगायला नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरची दफ्तरे उलगडून, मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करीत राहिले. त्यांचे २२ खंड निघाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यासच त्यांचा अंत झाला आणि १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. कागद वाचले ते असे. पण गाणाऱ्याचा गळा कागदावर कसा उतरणार? त्याची साधने निराळी. आज त्यांच्याविषयी थोडे बोलू.

आपल्या देशात गाण्याच्या तबकड्या भरण्याचे काम १९०२ साली कलकत्त्यास सुरू झाले. विलायतेहून गाइसबर्ग नावाचे गृहस्थ यंत्र घेऊन आले, आणि गौहरजान या प्रख्यात गायिकेने कर्ण्यापुढे गाणे म्हटले. गाणे संपताच तिने आपले नाव मोठ्याने उच्चारले. कशासाठी? तर तबकड्या छापल्या जात दूर जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला गाणारी कोण हे कळावे, म्हणून ही युक्ती. ही गोष्ट ध्यानात ठेवा; पुढे तिचे काम आहे.

त्या तबकड्या लाखेच्या. बांगड्यांची लाख असते ना, तीच. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळत. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. हातून पडली की तुकडे!

आता बालगंधर्वांचे उदाहरण घ्या. नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचे मूळ नाव. लहानपणी त्यांनी गाण्याचे धडे घेतले ते आपल्या जळगावात, मेहबूबखाँ यांच्यापाशी. पुढे १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत गेले आणि १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९१६ सालच्या 'स्वयंवर' नाटकाला भास्करबुवा बखल्यांच्या चाली होत्या. साथीला कादरबक्षांची सारंगी आणि पुढच्या काळात थिरकवाँचा तबला. नाटक रात्रभर चाले. 'वन्समोअर'चा घोष झाला की तेच पद पुन्हा, पण नव्या जागा घेऊन. आणि तबकडीवर काय उतरले? तीन मिनिटे. टाळी नाही, वन्समोअर नाही, समोर प्रेक्षकच नाही.

म्हणून कुणी केवळ तबकड्या ऐकून म्हणेल की जुने गवई आटोपशीर गात, तर तो फसला. आटोपशीर होती ती तबकडी, गवई नव्हे! कागद हाती आला की इतिहासकार आधी विचारतो, हा कुणी, कुणासाठी, कोणत्या कारणाने लिहिला? आवाजालाही हेच विचारावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ध्वनिफितीचा प्रसार झाला आणि तास तास भर बैठकीत मुद्रण करता येऊ लागले. अशा मुद्रणात खोकला येतो, तबला जुळवणे येते, मधेच कुणाची 'वाहवा' येते. विकण्यासाठी केलेल्या तबकडीत हे चालत नसे. इतिहासाला मात्र तेच हवे असते. गवई रंगला कुठे, अडखळला कुठे, श्रोत्यांनी दाद कशाला दिली, हे सगळे त्यातून कळते. मोठ्या गायकांची दुर्मिळ मुद्रणे एकत्र करून रसिक संग्रह काढतात, त्यांचे खरे मोल यात आहे.

आता आपल्या घराकडे वळू. बहिणाबाई चौधरी असोद्याच्या लेकी. लिहिता-वाचता येत नसताना त्यांनी जात्यावर, शेतात गाणी रचली. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी ती उतरून घेतली आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली. शब्द राहिले हे आपले भाग्य. पण जात्याच्या घरघरीबरोबरची ती चाल वहीत कशी मावणार?

आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, वह्या, कीर्तने: यांच्या कॅसेटी कित्येक घरांत फडताळात पडून आहेत. वैशाखातल्या खानदेशी उन्हात, पत्र्याच्या घरात, फीत खराब होते; पावसाळ्यात तिला बुरशी धरते. आणि फीत टिकली, तरी गाणारी कोण हे न लिहिलेले असेल, तर पंचवीस वर्षांनी सांगणार कोण?

शिक्षकहो, हे काम तुमच्या शाळेला सहज जमण्याजोगे आहे. आता मुद्रणाला मोबाइल पुरतो. मुलांना आजीकडे पाठवा. गाणे सुरू होण्याआधी तिने आपले नाव, गाव, दिवस आणि गाणे कोणत्या सणाचे ते स्वतःच्या तोंडाने सांगावे. गौहरजानने तेच केले होते. ते जुन्या कॅसेटींवरही लिहून ठेवा, आणि प्रत्येक मुद्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. आजी आहे तोवरच विचारून घ्या. अहिराणीतला एखादा शब्द अडला, तर त्याचा अर्थ आज तीच सांगू शकेल.