सात नंबरची वायर

आमच्या गल्लीत (गल्ली म्हणजे मिशिगनमधली, शनिवार पेठेतली नव्हे) एक आजोबा राहतात. वय ऐंशीच्या पुढे. गॅरेजमध्ये १९६६ सालची लाल कॉर्व्हेट. पत्नी गेल्यापासून त्यांचं बोलणं कमी झालंय, पण दर रविवारी सकाळी ती गाडी काढून एक चक्कर मारायची आणि रेडिओवर जे लागेल ते ऐकायचं, हा नेम कधी चुकला नाही.

गेल्या मे महिन्यात तो चुकला. दोन रविवार गाडी बाहेर आलीच नाही. तिसऱ्या रविवारी बघतो तर काचेवर 'विकणे आहे'ची पाटी! विचारलं तर म्हणाले, इंजिन मिस मारतंय, चढावर दमच नाही. मेकॅनिक म्हणतो इंजिन उघडावं लागेल, आणि तो खर्च काही या वयात करायचा नाही. वर रेडिओही गेला. नुसती खरखर. "आम्ही दोघंही म्हातारे झालो," असं म्हणून हसले.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. इंजिनातलं मला काही म्हणजे काही कळत नाही. पण एका दिवशी दोन बग आले की पहिला प्रश्न काय विचारायचा, ते दहा वर्षं रात्री-अपरात्री फोन उचलून शिकलोय. शेवटचा बदल काय केला होता?

आजोबा जरा आठवून म्हणाले, "एप्रिलमध्ये प्लग बदलले. स्वतःच."

इथे गोष्ट थांबवतो आणि तुम्हाला जर्मनीला नेतो. (शनिवारचा लेख आहे, घाई कुणाला आहे?)

साल १८८८. ऑगस्टचा महिना. मानहाइम गावातून बर्था बेंझ नावाची बाई आपल्या दोन किशोरवयीन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली तीनचाकी मोटार बाहेर काढते आणि शंभरेक किलोमीटरवरच्या फोर्ट्सहाइमला, माहेरी निघते. कार्ल बेंझला २९ जानेवारी १८८६ च्या अर्जावर पेटंट मिळालेलं होतं, पण गाडी कोणी घेत नव्हतं. त्याच्या धंद्यात बर्थाच्या हुंड्याचे पैसे गुंतलेले होते. म्हणजे ही काही सहल नव्हती. गाडी खरोखर चालते हे जगाला दाखवायचं होतं, आणि नाही चाललं तर पैसेही गेले आणि नावही. वाटेत वीसलोखला औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन विकत घेऊन तिने ते इंधन म्हणून टाकलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. आणि ठिणगीच्या वायरवरचं आवरण झिजलं, तेव्हा पायमोज्याचा पट्टा त्या वायरला गुंडाळला! मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातली दुरुस्ती म्हणजे ठिणगीची वायर. बघा, तेव्हापासून चालू आहे हे.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढेच. हा रस्ता कार्ल्सरूहेच्या जवळून जातो. तिथल्या ज्या तंत्रशाळेत कार्ल बेंझ शिकला, तिथेच त्या वर्षी हाइनरिश हर्ट्झ नावाचा प्राध्यापक एक प्रयोग करत होता. कॉइलने उच्च दाबाची वीज तयार करायची, दोन गोळ्यांमधल्या फटीत ठिणगी पाडायची, आणि थोड्या अंतरावरच्या तारेच्या कड्यात आपोआप बारीकशी ठिणगी पडते का बघायचं. पडत होती. रेडिओलहरी सापडल्या त्या अशा, १८८६ ते १८८८ या काळात.

बेंझच्या गाडीतही कॉइल, उच्च दाब, फट आणि ठिणगी. हर्ट्झच्या टेबलावरही तेच. एकाला हवी होती पेट, दुसऱ्याला लहर. बर्थाची गाडी फोर्ट्सहाइमपर्यंत रेडिओलहरी सोडत गेली असणार, फक्त ऐकायला कुणाकडे रेडिओ नव्हता!

पुढे दोघींचे संसार वेगळे झाले. ठिणगीचे ट्रान्समीटर आले, १९१२ साली 'टायटॅनिक'ने मदतीची हाक दिली ती ठिणगीच्याच यंत्रावरून. इकडे १९१० च्या सुमारास चार्ल्स केटरिंगने बॅटरी, कॉइल आणि डिस्ट्रिब्युटरची जी मांडणी कॅडिलॅकसाठी केली, ती पुढे कित्येक दशकं टिकली. आणि १९३० साली पॉल गॅल्विनच्या कंपनीने मोटारीत बसवायचा रेडिओ विकायला काढला. नाव ठेवलं मोटोरोला. झालं! दोन जुन्या बहिणी एकाच घरात आल्या आणि भांडायला लागल्या. ठिणगी पडली की वायरीतून प्रवाह झटक्यात उसळतो, वायर अँटेनासारखी वागते आणि रेडिओत 'टक्' वाजतं. आठ सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरत असेल तर सेकंदाला दोनशे ठिणग्या. ऐका गाणी!

साध्या गाड्यांमध्ये हे बरंचसं लोखंडी बॉनेटखाली दबून जायचं. पण १९५३ साली कॉर्व्हेट आली ती फायबरग्लासची. रेडिओलहरींच्या दृष्टीने ही गाडी पारदर्शक. इतकी, की पहिल्या मॉडेलची अँटेना डिकीच्या झाकणाच्या आत जाळी म्हणून लपवली होती! पण खिडकी उघडी ठेवली की वाऱ्याबरोबर डासही येतात. इंजिनाची खरखर थेट रेडिओत. म्हणून मग डिस्ट्रिब्युटरवर आणि प्लगच्या वायरींवर धातूची झाकणं घातली. १९६० च्या दशकात रेडिओ न घेता गाडी मागवली, तर ही झाकणंही यायची नाहीत. म्हणजे इंजिनाला त्यांची गरजच नव्हती. ती होती फक्त शेजारच्या रेडिओला त्रास होऊ नये म्हणून. (आमच्या वरच्या मजल्यावरच्यांनी यातून काही घ्यावं.)

आता परत गॅरेजमध्ये. "झाकणं कुठे आहेत?" आजोबांनी कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट दाखवलं. प्लग बदलताना बोटं सोलवटली म्हणून खालची झाकणं परत लावलीच नव्हती. म्हणजे रेडिओ गेला नव्हता, त्याचं पांघरूण गेलं होतं.

पण मिस का मारतंय? एएम रेडिओ लावून इंजिन चालू केलं. खरखर एकसारखी नव्हती. मध्येच एक जोरदार 'टक्', आणि त्याच वेळी इंजिन लंगडायचं. गॅरेजचे दिवे घालवले. ड्रायव्हरच्या बाजूला, सगळ्यात मागे, सात नंबरच्या प्लगपाशी निळसर काहीतरी चमकलं. दोघांनीही एकाच वेळी "ओह!" केलं.

रबराची टोपी प्लगवर पूर्ण बसलीच नव्हती. प्लगमधली एक फट, आणि टोपीच्या आत ही दुसरी. वीज कधी दोन्ही फटी ओलांडायची, कधी बाहेरच्या बाहेर इंजिनाच्या धातूवर उडी मारायची. आठातला एक गडी मधूनमधून दांडी मारत होता, आणि त्याची दांडी रेडिओवर ऐकू येत होती.

इंजिन बंद केलं, निवू दिलं. (चालू इंजिनात त्या वायरीला हात लावू नका. पंधरा-वीस हजार व्होल्ट असतात, गंमत नाही.) वायर धरून ओढायची नाही, टोपी धरून पिळत काढायची. कारण आतला गाभा बहुतेक वेळा तांब्याचा नसतो, कार्बन मुरवलेल्या धाग्याचा असतो. तोही १९५० च्या दशकात खरखर कमी करायलाच आणला होता, आणि ओढला की आतल्या आत तुटतो. टोपीतली धातूची पकड फाकली होती, ती पकडीने हलकेच दाबली, आणि टोपी परत ढकलली. 'टिक्' असा आवाज आला. वेळ: पाच मिनिटं. खर्च: शून्य. नंतर झाकणं बसवायला मात्र दीड तास लागला आणि माझीही बोटं सोलवटली.

१९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल आली, वायरी वीतभर उरल्या. आज बऱ्याच गाड्यांत कॉइल थेट प्लगवरच बसते, वायरच नाही. चांगलंच आहे, जे नाही ते सैल होत नाही. पण बिघाड आधी कानाला आणि मग अंधारात डोळ्यांना दिसण्याची सोयही त्याबरोबर गेली, हे मात्र जरा चुटपुट लावणारं आहे.

असो. पाटी काढलीय. परवाच्या रविवारी आजोबा चकरेला निघाले तेव्हा आमच्या दारापाशी थांबले, काच खाली केली आणि काही न बोलता रेडिओचा आवाज वाढवला. बेसबॉलची कॉमेंट्री चालू होती. मला त्यातलं काही कळत नाही. पण एकही 'टक्' नव्हतं.