विजय कुणाच्या खात्यावर?

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये विजय मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर जमा होतो, मग तो त्या दिवशी घरी पडून का असेना. मार्च 2021मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाचा महिला संघ राष्ट्रीय स्पर्धेसाठी टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोला गेला, तेव्हा मुख्य प्रशिक्षक जीनो ऑरिएमा करोनामुळे घरीच अडकले होते. पहिले दोन सामने क्रिस डेली यांनी सांभाळले. हाय पॉइंटविरुद्ध 102-59, सिराक्यूजविरुद्ध 83-47. दोन्ही विजय ऑरिएमांच्या खात्यावर गेले. रीतच तशी आहे, आणि त्या रीतीत डेली यांनी तोवर छत्तीस हंगाम काढले होते.

डेलींचं पद सहायक प्रशिक्षकाचं. टीव्हीवर सामना बघणाऱ्याला ही मंडळी दिसतात ती फक्त बाकावर, हातात कागद घेऊन, मुख्य प्रशिक्षकाच्या कानाशी लागलेली. खरं काम तिथे नसतंच. सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडू मुली गावोगावच्या शाळांतून हेरायच्या, त्यांच्या आईवडिलांच्या घरी जाऊन बोलणी करायची, पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांच्या चित्रफिती पुन्हापुन्हा बघून त्याची चाल कागदावर मांडायची, उंच मुलींचा सराव वेगळा घ्यायचा, कोण वर्गात दांड्या मारते यावर नजर ठेवायची. शिवाय मुख्य प्रशिक्षक एखादीवर डाफरला की संध्याकाळी तिच्याशी बोलायचं तेही यांनीच. या कामाला गुणफलकावर रकाना नाही.

महिला बास्केटबॉलच्या पहिल्या ऐंशी वर्षांत तर हे पद असण्याचं कारणच नव्हतं. जेम्स नाइस्मिथ यांनी 1891च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला हा खेळ शोधला आणि पुढच्याच वर्षी तिथून जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींना शिकवला. पण मुलींना फार धावपळ झेपत नाही, या समजुतीपायी मैदानाचे भाग पाडले गेले आणि खेळाडूंनी आपापला भाग ओलांडायचा नाही असं ठरलं. पाच जणींनी पूर्ण मैदानभर खेळायचा नियम कॉलेजात रुळायला 1971 उजाडलं. संघ शारीरिक शिक्षणाच्या बाईंकडे असे, बाकीच्या तासांबरोबर. 1972 ते 1974 अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या इमॅक्युलाटा कॉलेजच्या कॅथी रश यांना वर्षाला 450 डॉलर मिळत. जिथे मुख्य प्रशिक्षकाची ही कमाई, तिथे सहायक ठेवणार कोण?

पॅट समिट यांची सुरुवात याच काळातली. 1974मध्ये टेनेसी विद्यापीठात त्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आल्या त्या सहायक म्हणून, म्हणजे शिकता शिकता हाताखाली काम करायला. मुख्य प्रशिक्षक दीर्घ रजेवर गेल्या आणि बावीस वर्षांच्या पॅट हेडच्या (हे त्यांचं माहेरचं नाव) गळ्यात संघ पडला. पगार महिन्याला 250 डॉलर. खेळाडूंचे कपडे धुवायचे त्यांनीच, बाहेरगावी जाताना गाडी चालवायची तीही त्यांनीच. शिवाय स्वतःचा अभ्यास, विद्यार्थ्यांना शिकवणं आणि 1976च्या ऑलिम्पिकसाठी खेळाडू म्हणून स्वतःची तयारी. मर्सरविरुद्धचा पहिला सामना 84-83 असा एका गुणाने गेला. 2012मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा नावावर 1,098 विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं होती.

मधल्या काळात चित्र पालटलं ते कायद्याने. 23 जून 1972 रोजी अध्यक्ष निक्सन यांनी सही केलेल्या कायद्यातल्या ‘टायटल नाइन’ या कलमामुळे सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेद करायला बंदी झाली. विद्यापीठांना महिला संघांवर खर्च करणं भाग पडलं, आणि सहायक प्रशिक्षकांच्या पगारी जागा निघाल्या. पण पैसा आला तसे पुरुषही आले. 1972च्या सुमारास महिला संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक बायका होत्या. पुढच्या चाळीस वर्षांत सगळे खेळ मिळून ते प्रमाण निम्म्याखाली आलं. कायदा मुलींच्या बाजूने झाला आणि बाईंच्या खुर्च्या कमी झाल्या, हे या गोष्टीतलं सर्वांत खट्याळ वळण म्हणायला हवं. सहायकाची जागा हीच मग अनेक माजी खेळाडूंची या धंद्यात शिरायची वाट झाली.

1982च्या वसंतात महिलांच्या दोन राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. महिलांची जुनी संघटना आपली शेवटची स्पर्धा भरवत होती आणि पुरुषांच्या खेळावर हुकमत असलेल्या एनसीएएने आपली पहिली. जुनी स्पर्धा रटगर्स विद्यापीठाने जिंकली. त्या संघात क्रिस डेली होत्या. नवी जिंकली लुइझियाना टेकने. तिथे पॉइंट गार्ड होती किम मल्की. दोघीही पुढे सहायक प्रशिक्षक झाल्या, पण वाटा अगदी निराळ्या.

मल्की आपल्याच कॉलेजात लिऑन बार्मोर यांच्या हाताखाली पंधरा वर्षं राहिल्या. 2000मध्ये मुख्य पद द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी पाच वर्षांचा करार मागितला, विद्यापीठ चारवर अडलं. एका वर्षावरून बोलणी फिसकटली आणि मल्की टेक्ससमधल्या बेलर विद्यापीठात गेल्या. तिथे 2005मध्ये त्या जिंकल्या आणि खेळाडू, सहायक आणि मुख्य प्रशिक्षक अशा तिन्ही भूमिकांत एनसीएएचं विजेतेपद मिळवणाऱ्या पहिल्या व्यक्ती ठरल्या. याहून गंमत पुढची: 2008मध्ये बार्मोर निवृत्ती सोडून परत आले ते मल्कींचे सहायक म्हणून. गुरू शिष्येच्या हाताखाली!

टेनेसीत मिकी डीमॉस आणि हॉली वॉर्लिक या दोघी 1985मध्ये समिट यांच्याकडे आल्या. वॉर्लिक त्यांच्याच जुन्या खेळाडू. डीमॉस मात्र आधी फ्लोरिडा विद्यापीठाच्या मुख्य प्रशिक्षक राहून चुकल्या होत्या. नव्या खेळाडू आणण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सप्टेंबर 1990मध्ये दिवस भरत आलेल्या समिट आणि डीमॉस पेनसिल्व्हेनियात मिशेल मार्सिनियॅक नावाच्या शाळकरी खेळाडूच्या घरी पोहोचल्या. तिथेच समिट यांना प्रसूतीची चाहूल लागली. दोघी धावतपळत विमानात बसल्या. वाटेत व्हर्जिनियात उतरायची सोय होती, पण समिट ठाम नाही म्हणाल्या. त्याच वर्षी व्हर्जिनियाने टेनेसीला हरवून फायनल फोरबाहेर, म्हणजे शेवटच्या चार संघांबाहेर, ठेवलं होतं, आणि ती फायनल फोर टेनेसीच्या गावात, नॉक्सव्हिलला होती! बाळ नॉक्सव्हिललाच जन्मलं. मार्सिनियॅक आधी नोत्र दामला गेली, मग टेनेसीत आली, आणि 1996च्या विजेतेपदात फायनल फोरची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

अठरा हंगाम आणि सहा विजेतेपदांनंतर डीमॉस 2003मध्ये केंटकीच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. चार वर्षांत त्यांनी पडेल संघ उभा केला, आणि 2007मध्ये पद सोडून टेक्सस विद्यापीठात पुन्हा सहायक झाल्या. 2010मध्ये परत टेनेसी. बढती म्हणजेच प्रगती मानणाऱ्यांना हे उलटं चालणं कळणार नाही. पण एखाद्याला ज्या कामात रस आहे ते दुसऱ्या खुर्चीतच होत असेल, तर पहिलीत बसून पत्रकार परिषदा आणि देणगीदारांची जेवणं कशाला झेलायची?

ऑगस्ट 2011मध्ये समिट यांनी आपल्याला अल्झायमर झाल्याचं जाहीर केलं. वय अवघं एकोणसाठ. पुढचा हंगाम त्या बाकावर बसल्या, पण संघ चालवण्याचा बराचसा भार वॉर्लिक यांनी वाहिला, सोबत डीमॉस आणि डीन लॉकवूड. त्या हंगामातले 27 विजय समिट यांच्याच 1,098मध्ये धरले आहेत. यावर कुणी हरकत घेतली असती तर नॉक्सव्हिलमध्ये त्याची धडगत नव्हती. वॉर्लिक सत्तावीस वर्षं सहायक राहून मुख्य झाल्या आणि 2019मध्ये त्यांना काढण्यात आलं. पहिली खुर्ची निकाल मागते, आणि लवकर मागते.

हिशेब नेहमीच असा एकतर्फी होतो असंही नाही. 1995-96चा हंगाम स्टॅनफर्डच्या टारा व्हॅनडरव्हिअर यांनी ऑलिम्पिक संघासाठी रजा घेऊन बाहेर काढला. संघ चालवला त्यांच्या सहायक एमी टकर यांनी आणि मॅरिअॅन स्टॅन्ली यांनी, जोडीने. या स्टॅन्लींनी ओल्ड डोमिनियनसाठी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती. 1993मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे त्यांनी पुरुष संघाच्या प्रशिक्षकाइतका पगार मागितला, नोकरी गेली, त्या कोर्टात गेल्या आणि तिथेही हरल्या. स्टॅनफर्डने त्या वर्षी 29 सामने जिंकले, तीनच गमावले आणि फायनल फोर गाठली. तो हंगाम टकर आणि स्टॅन्ली यांच्या नावावर आहे, व्हॅनडरव्हिअर यांच्या 1,216 विजयांत तो नाही. म्हणजे मुख्य प्रशिक्षक रीतसर रजेवर असेल तर विजय हाताखालच्यांचा, आजारी असेल तर त्याचा. हा भेद कारकुनी आहे, न्यायाचा नाही.

उरल्या डेली. 1985मध्ये ऑरिएमांनी कनेक्टिकटला नेमलेल्या त्या पहिल्या सहायक. पहिल्या वर्षी 12 विजय, 15 पराभव. त्यानंतर त्या संघाने हरण्यापेक्षा जिंकणं कमी असा एकही हंगाम पाहिला नाही. 20 नोव्हेंबर 2024ला ऑरिएमांनी 1,217वा विजय मिळवून व्हॅनडरव्हिअर यांचा विक्रम मोडला, तेव्हा विद्यापीठाने तो सोहळा दोघांच्या चाळीस हंगामांचा म्हणून साजरा केला. हा शहाणपणा नोंदवहीला अजून सुचायचा आहे. 2018मध्ये नॉक्सव्हिलच्या महिला बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये डेली आणि डीमॉस एकाच वेळी दाखल झाल्या, ही त्यातल्या त्यात भरपाई.

6 एप्रिल 2025 रोजी टॅम्पात कनेक्टिकटने साउथ कॅरोलायनाला 82-59 असं हरवून बारावं विजेतेपद घेतलं. एका बाकावर डेली होत्या. दुसऱ्यावर मुख्य प्रशिक्षक डॉन स्टेली यांच्या शेजारी लिसा बॉयर, 2002पासून त्यांच्या सहायक. नव्वदीच्या दशकातल्या व्यावसायिक लीगमध्ये स्टेली ज्या संघातून खेळायच्या, त्या रेज संघाच्या मुख्य प्रशिक्षक याच बॉयर होत्या.