राजा, सोंगाड्या आणि चॅप्लिन

मंडळी, आजचा विषय परदेशी सिनेमाचा आहे, पण सुरुवात आपण तमाशापासून करू. बारामती-इंदापूरकडच्या जत्रांत ज्यांनी वग पाहिलाय, त्यांना चार्ली चॅप्लिनचा 'द ग्रेट डिक्टेटर' फारसा समजावून सांगावा लागत नाही. आधी गण (मोरगावच्या मुलखात तो काय वेगळा सांगायचा?), मग गौळण, बतावणी आणि वग. वगात राजा असतो, प्रधान असतो, आणि भर दरबारात दोघांची फजिती करणारा सोंगाड्या असतो.

वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली आलं. खुळा राजा, मतलबी प्रधान आणि कोतवालाच्या जागेवर डोळा ठेवून बसलेला हवालदार. तो हवालदार दादा कोंडके करायचे. संहिता छापील होती, पण दादा रोज ताज्या राजकारणावर नवं काहीतरी जोडायचे. ही बतावणीचीच रीत. आपल्या राज्यात नाटकाची संहिता प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. आता, जे रंगमंचावर उभं राहून ऐन वेळी सुचतं, ते आधी कोण तपासणार?

आता चॅप्लिनकडे वळू. चॅप्लिन आणि हिटलर दोघेही एप्रिल १८८९ चे, चार दिवसांच्या अंतराने जन्मलेले, मिशीही तशीच. ऑक्टोबर १९४० मध्ये सिनेमा न्यूयॉर्कला लागला, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीसुद्धा नव्हती. त्यात टोमेनिया देशाचा हुकूमशहा हिंकेल आणि त्याच्यासारखाच दिसणारा एक ज्यू न्हावी, दोन्ही भूमिका चॅप्लिनच्याच. हिंकेलच्या भाषणाला अर्थच नाही. जर्मनसारखी वाटणारी बडबड, मधूनच खोकला, आणि आवाजाच्या दहशतीने मायक्रोफोन मागे वाकतो! शब्दांतला अर्थ काढून टाकला की हुकूमशहाच्या भाषणात उरतं काय? हातवारे आणि आरडाओरडा. चॅप्लिनने नेमकं तेवढंच दाखवलं.

पण इथे एक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. वगातल्या राजाला आपण रात्रभर हसतो. सकाळी गावातली सत्ता होती तिथेच असते. मग हसून मिळवलं काय? खुद्द चॅप्लिनने १९६४ च्या आत्मचरित्रात लिहिलं आहे की छळछावण्यांमधलं खरं भीषण वास्तव माहीत असतं, तर हा सिनेमा आपल्याला करता आला नसता.

याचा अर्थ हसणं फुकट गेलं, असा आम्ही लावत नाही. हुकूमशहा आधी भीतीवर जगतो, आणि ती भीती मोडण्याचं काम हसणं करतं. छावणीचं दार उघडणं हे मात्र त्याच्या हातचं काम नव्हे. चॅप्लिनलाही हे उमगलं असावं. म्हणून तर शेवटी न्हाव्यालाच हुकूमशहा समजून व्यासपीठावर उभं करतात, तेव्हा तो विनोद करत नाही. माणुसकीचं, स्वातंत्र्याचं सरळ भाषण करतो. अनेक समीक्षकांना ते तेव्हा खटकलं. आम्हाला वाटतं, सोंगाड्याने तिथे सोंग उतरवलं. राजाच्या जागी उभं राहिल्यावर तुमच्याकडे सांगण्यासारखं काय आहे, हा प्रश्न हसणाऱ्यालाही चुकत नाही, आणि तो आज आपल्यालाही विचारला जातोय.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.