दहा मुलांचा नियम आणि आमची निवेदने

1882 साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले, तेव्हा रयतेने मत देऊन निवडलेला प्रतिनिधीच नव्हता. तरीही आज आमदाराला लिहू पाहणाऱ्याने ते वाचावे. आधी स्वतः काढलेल्या शाळांचा अनुभव, मग मागणी. आणि तीही मोघम नाही. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे, प्रशिक्षित शिक्षकाचे वेतन दरमहा 12 रुपयांहून कमी नसावे. अशा मजकुराला 'पाहू' म्हणून टाळणे अवघड जाते.

आम्हां सीमावासीयांची निवेदने बहुधा याच्या उलट असतात. पहिली दोन पाने अन्यायाच्या इतिहासात जातात आणि शिक्षकाची रिकामी जागा तिसऱ्या पानाच्या तळाशी येते. आमच्याही एका पत्राला 'नोंद घेतली' एवढेच उत्तर आले होते. कशाची घेतली, हे ते पत्र पुन्हा वाचून आम्हांलाही सांगता आले नाही.

वास्तविक आधार भक्कम आहे. ऑगस्ट 1949 मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले की, वेगळ्या मातृभाषेची मुले वर्गात 10 किंवा शाळेत 40 असली, तर त्या भाषेचा किमान एक शिक्षक नेमावा. पुढे सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 350-अ आला आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न करणे हे राज्यांचे कर्तव्य ठरले. ती दुरुस्ती अंमलात आली 1 नोव्हेंबर 1956 रोजी. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. काळा दिन आम्ही दरवर्षी पाळतो. त्याच तारखेचा हा अनुच्छेद मात्र किती निवेदनांत दिसतो?

तेव्हा पत्रात गाव, शाळा, इयत्तावार पट, जागा केव्हापासून रिकामी आहे ती तारीख आणि एकच मागणी असावी. शिक्षकाची नेमणूक राज्याकडे, म्हणून मूळ पत्र आमदाराला. पण 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले, त्यामुळे खासदारालाही प्रत धाडावी. दुसरी प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना. त्यांचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात.

आणि पत्र मराठीतच लिहावे. गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क अनुच्छेद 350 देतो. सोबत कन्नड अनुवाद जोडावा, म्हणजे कारकुनाला कागद बाजूला ठेवण्यास निमित्त उरत नाही.