घर आणि शाळा

मुलाला कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न आजचा नव्हे. गेल्याच्या आधीच्या शतकात मिशनच्या शाळेत इंग्रजी उत्तम मिळे. पण १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्रींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, तेव्हा त्यांना केवढा विरोध सोसावा लागला! मुलगा शिकेल, पण आपला राहील काय? सरकारी शाळेत धर्मांतराची धास्ती नव्हती. पण आपलेपणाही बेताचाच.

ही कोंडी पुण्यात फुटली. सरकारी नोकरी सोडून आलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळक-नामजोशींसह जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर पुढे येऊन मिळाले.

मौज अशी, की खुद्द गुरुजनांचीच मते जुळत नव्हती. आगरकर कट्टर सुधारक, तर सुधारणा कायद्याने लादण्यास टिळकांचा विरोध. आजीव सदस्यांच्या बाहेरील मिळकतीवरूनही वाद पेटला आणि १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. तरी शाळा चालली. सनातनी घरांनीही आपली मुले तिच्या हवाली केली ती, मला वाटते, शिक्षकांची मते पाहून नव्हे. तुटपुंज्या वेतनावर राबणारी त्यांची निष्ठा पाहून. घराला शाळेत शोधायचे असते ते हेच.