१९३८ चे तांबडे आकाश

२५ जानेवारी १९३८ च्या रात्री युरोपचे आकाश लालभडक झाले. पोर्तुगालपर्यंत लोक घराबाहेर येऊन पाहू लागले. मोठी आग लागली असे समजून इंग्लंडमध्ये अग्निशामक दलाला पाचारण करण्यात आले.

फातिमाच्या भाविकांना ही रात्र परिचित आहे. १९१७ साली पवित्र मारियेने युद्धाची खूण म्हणून सांगितलेला 'अज्ञात प्रकाश' तो हाच, असे सिस्टर लुसिया यांनी १९४१ साली लिहिले.

शास्त्र याला ध्रुवीय प्रकाश म्हणते. सूर्यावरून आलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळून हवेवर आदळतात. सुमारे १०० किलोमीटर उंचीवर प्राणवायू हिरवा उजळतो, २०० किलोमीटरच्या वर तांबडा. दक्षिणेकडून पाहणाऱ्यास क्षितिजाआडून केवळ हा वरचा थर दिसतो. म्हणूनच आगीचा भास होतो. मे २०२४ मध्ये लडाखमधील हानले येथूनही अशीच लाली दिसली.

मग ती खूण खोटी मानावी काय? इंद्रधनुष्य ऊन आणि पावसाच्या थेंबांतूनच उमटते, तरीही नोहासाठी ते कराराचे चिन्ह ठरले. घटना कशी घडली हे शास्त्र सांगते. तिच्यातून काय बोध घ्यावा, हा प्रश्न निराळा. शिवाय असे खाजगी साक्षात्कार ख्रिस्तसभा श्रद्धेचा अनिवार्य भाग मानीत नाही.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि १९३९ साली महायुद्ध भडकले. तो वणवा माणसांनी पेटवला. आकाशातील प्रकाश निरपराध होता.